कळसूबाई, रात्री अडीचला

भाचीचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. "मावशी, डिसेंबरात कळसूबाईचा रात्रीचा ट्रेक आहे. नवख्यांसाठीच आहे, सोबत ट्रेक नेणारे लीड असतात, गावातला वाटाड्याही असतो. येतेस?" मी हो म्हणाले. माझं वय एकोणपन्नास आणि तोवर मी एकही डोंगर चढले नव्हते. पण 'नवख्यांसाठी' या शब्दाने धीर आला होता. त्याचा नेमका अर्थ पुढच्या सहा आठवड्यांत उमगत गेला. दोर लागत नाही, वाट चुकायची भीती नाही, आणि अवघड ठिकाणी शिड्या आहेत, इतकाच तो अर्थ. चढ मात्र नवख्याला आणि जुन्याला सारखाच.

तयारीचे सहा आठवडे

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या बारी गावातून नेहमीची वाट चढते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंचीतला फरक आठ-नऊशे मीटर. हा आकडा पायांना कळावा म्हणून मी त्याचे मजले केले. तीन मीटरचा एक मजला धरला तर जवळजवळ तीनशे मजले! आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. पहिल्या दिवशी गच्चीपर्यंत पाच फेऱ्या केल्या, म्हणजे वीस मजले, आणि पाणी प्यायला पायरीवरच बसले.

लीड मुलाशी फोनवर बोलणं झालं तेव्हा त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली. "काकू, वेगाचा सराव करू नका, न थांबण्याचा करा. चढताना माझ्याशी बोलता येईल, एवढ्याच वेगाने चढा. बोलताना वाक्य तुटलं की वेग कमी करायचा." मग जिन्यात मी मनातल्या मनात पाढे म्हणायला लागले. एकोणतीसचा पाढा अडखळला नाही तर वेग बरोबर. तिसऱ्या आठवड्यापासून सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या टाकल्या, मग तीन. पाचव्या आठवड्यात एका दमात ऐंशी मजले झाले. चाळिशी ओलांडलेल्या कुणीही हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून घ्यावा. मी घेतला, आणि त्यानंतर छातीत धडधडलं की उगाच घाबरायला झालं नाही.

बूट पहिल्याच आठवड्यात घेतले. रबरी सोलवर खोल खाचा असलेले, बोटांपुढे अर्धा बोट जागा राहील असे. दुकानात संध्याकाळी जावं, कारण दिवसभर उभं राहून पाऊल थोडं फुगलेलं असतं आणि डोंगरावर तेच होणार असतं. मग रोजच्या फिरण्याला तेच बूट वापरले. दुसऱ्या आठवड्यात टाचेला फोड आला, चौथ्यापर्यंत तो बरा झाला आणि बूटही मऊ पडले. तो फोड घरीच येऊन गेला हे किती बरं झालं, ते रविवारी उतरताना कळलं.

एक सराव मात्र कुणी सुचवला नव्हता, मी आपणहून केला, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडला. एका बुधवारी पहाटे चारला उठले, जिन्यातले दिवे बंद केले आणि कपाळाला हेडटॉर्च लावून चढले. ओळखीचा जिना परका झाला. कपाळावरचा उजेड आपल्या नजरेच्या रेषेतच पडतो. त्यामुळे पायरीची सावली दिसत नाही आणि खोलीचा अंदाज येत नाही. पायरी आहे तिथे सपाट वाटतं. दोन-तीन वेळा असं चालल्यावर पाय आपोआप जपून पडायला लागले.

शुक्रवार

सॅक भरली आणि दोनदा रिकामी केली. शेवटी आत राहिलं ते असं: दोन लिटर पाणी, कानटोपी, वारा अडवणारं जॅकेट, हातमोजे, कोरडा टीशर्ट, मोज्यांचा जादा जोड, टॉर्चचे जादा सेल, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, खजूर, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. हातात काहीही धरायचं नाही, खांद्याला पर्स नाही, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. जीन्स घालू नका. ती घामाने जड होते आणि गुडघा मोकळा वाकू देत नाही. पायांची नखं कापायला विसरू नका. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण तीन तास उतार उतरताना अंगठ्याचं नख बुटाच्या पुढच्या टोकावर आदळत राहतं.

कोरड्या टीशर्टबद्दल भाचीने फोन करून पुन्हा बजावलं. "मावशी, तो सॅकच्या तळाशी नको, वर ठेव. अंधारात शोधायला नको." मुलीने मागच्या वर्षी दोन ट्रेक केलेत, तेवढ्यात किती शिकली आहे.

शनिवार

दुपारी कसाऱ्याला उतरलो. तिथून जीपने इगतपुरी, घोटी करत बारी. दोन्हीकडे भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, मधून मधून पेंढ्याच्या गंजी. घोटी सोडल्यावर उजवीकडे डोंगरांची रांग जवळ येत गेली आणि कुणीतरी बोट दाखवून म्हणालं, "ते टोक." मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही.

बारी हे महादेव कोळ्यांचं गाव. ज्यांच्याकडे आमचं जेवण आणि रात्रीची पाठ टेकण्याची सोय होती, तेच आमचे वाटाडे. पन्नाशीचे, बारीक चणीचे, पायात साध्या चपला. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत होतो. ओटीवर चौदा जणांच्या सॅक एका रांगेत लागल्या आणि लीडने एकेकाची तपासली. इथेच एक अडचण निघाली. आमच्यातल्या एका मुलाने वडिलांचे जुने ट्रेकिंगचे बूट आणले होते, कित्येक वर्षं माळ्यावर पडून असलेले. वरून अगदी नवे दिसत होते. लीडने सोल दोन्ही हातांनी वाकवला आणि तो टाचेपासून चतकोर भाकरीसारखा सुटून आला. बूट न वापरता नुसते पडून राहिले तरी सोलचा फोम आणि गोंद आतून कुजतात. दादांनी घरातून सुतळी आणली, आधी सोलला आडवे तीन वेढे घेतले, मग घोट्याभोवती आठाचा आकडा, आणि गाठ बाजूला मारली, तळव्याखाली नाही. त्या सुतळीवर तो मुलगा वर जाऊन खाली आला. तुमचे बूट जुने असतील तर निघायच्या आधी दोन आठवडे ते घालून चाला, म्हणजे जे व्हायचं ते घराजवळ होईल.

जेवण साडेसातलाच. नागलीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी, भात आणि वरण. चुलीवरची भाकरी ताटात पडत होती तोवर तिला वाफ येत होती. मी दुसरी मागितली तर दादांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "आता अर्धीच घ्या ताई. भरल्या पोटी चढ लागतो. उद्या दुपारी पोटभर वाढते."

आपलं ताट आपण धुवायचं, असा ट्रेकचा नियम. मागच्या अंगणात ताट घासत होते तेव्हा वहिनी शेजारी बसून पातेलं घासत होत्या. त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. एका घरी कामाला राहिली, पण बोली आधीच केलेली: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस सगळं नीट चाललं. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिने ते काम केलं, आणि तशीच डोंगरावर निघून गेली. परत आली नाही. तिथेच राहिली, तिथेच देवी झाली. "बोलीला पक्की होती," वहिनी म्हणाल्या आणि पातेलं पालथं घातलं. त्यांच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना मला ती पोर शेजारच्याच आळीतली वाटली.

नऊला सगळे आडवे झालो. झोप कुणालाच धड लागली नाही. पण डोळे मिटून पडून राहिलं तरी अंग विसावतं, हे लीडने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे झोप येत नाही म्हणून तगमग झाली नाही.

रविवार, रात्री अडीच

दोनला चहा. अडीचला मारुतीच्या देवळाजवळ मोजणी. पुढे लीड, मधे दुसरी लीड मुलगी, सगळ्यात मागे दादा. त्यांच्या पुढे मी. ही जागा मीच मागून घेतली होती.

थंडी इतकी होती की जॅकेट काढावंसं वाटेना, पण लीडने सगळ्यांना ते काढून सॅकमध्ये ठेवायला लावलं. "निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाहीतर दहा मिनिटांत घामाने भिजाल आणि तोच घाम वर गोठवेल." अगदी तसंच झालं. पंधरा मिनिटांत अंग तापलं. आणखी एक गंमत अशी की थोडं वर आल्यावर हवाच ऊबदार लागायला लागली. मला वाटलं होतं, जसजसं वर जाऊ तसतशी थंडी वाढत जाणार. वारा पडलेल्या थंडीच्या रात्री गार हवा जड होऊन खाली खाचरांत उतरून बसते, म्हणून गावापेक्षा मधला पदर उबदार. वर पुन्हा वारा लागतो तेव्हा खरी थंडी सुरू होते.

पहिल्या चढानंतर खालच्या अंगाला कळसूबाईचं एक देऊळ आहे. ज्यांना शिखर झेपत नाही ते इथेच दर्शन घेतात. तिथे माझा श्वास पहिल्यांदा बिनसला. पुढच्यांचे दिवे लांब जाताना दिसले आणि पाय नकळत पळायला लागले. मागून दादांचा आवाज आला. "ताई, त्यांच्या दिव्याकडं नका बघू. आपल्या उजेडात जेवढं दिसतं तेवढंच चालायचं. अन् तोंड मिटा. नाकानं श्वास पुरत नाही, तर पाय जास्त पळतोय." मी तोंड मिटलं. पाय आपोआप हळू झाले. थोड्या वेळाने मनात एकोणतीसचा पाढा सुरू झाला आणि मला घरचा जिना आठवला.

दादांच्या हातात साधी बॅटरी होती, कमरेच्या उंचीवर धरलेली. तिचा उजेड तिरपा पडायचा आणि माझ्या पुढच्या दगडांना सावल्या यायच्या. हेडटॉर्चमध्ये सपाट दिसणारा कातळ त्या उजेडात पायऱ्या-पायऱ्यांचा दिसायचा. ते मुद्दाम तसं करत होते, हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, "मला काय दिवा लागतोय? तुमच्यासाठीच धरलाय."

एका सपाटीवर सगळे थांबले आणि लीडने पाच मिनिटं टॉर्च बंद करायला लावले. मृग पश्चिमेकडे कलला होता, त्याच्या मागे व्याध लखलखत होता, कृत्तिका मावळतीला टेकायला आलेल्या. ईशान्येला सप्तर्षी वर चढलेले. मार्गशीर्षातली वद्य त्रयोदशी, चंद्र अजून उगवायचा होता. चांदण्यात चढायचं असेल तर पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरा. तारे हवे असतील तर अमावास्येच्या जवळची. मी पुन्हा गेले तरी काळोखीच रात्र निवडेन.

शिड्यांची मला सहा आठवडे धास्ती होती. त्या लोखंडी आहेत, कठडे आहेत, आणि अंधारात खालची खोली दिसत नाही, हा उलट दिलासाच ठरला. लोखंड मात्र इतकं गार की हातमोज्यांशिवाय धरवत नव्हतं. लोकरीचे मोजे घसरतात, तळव्याला रबरी ठिपके असलेले घ्या. शिडीवर एकामागोमाग चिकटून चढू नये. पुढच्याचा बूट आपल्या डोक्यापासून चार-पाच पायऱ्या लांब असावा. थांबायचंच झालं तर दोन्ही हात धरून, आणि टॉर्च वरच्या माणसाच्या डोळ्यांवर न मारता.

शेवटच्या टप्प्याखालच्या विहिरीपाशी आम्ही सव्वापाचला पोहोचलो. मला वाटलं आता थेट माथा. पण लीडने तिथेच आडोशाला बसवलं. सूर्योदय सातनंतर. आत्ता वर गेलो तर घामेजल्या अंगाने दोन तास वाऱ्यात कुडकुडायचं. इथे टीशर्ट बदलले, टोप्या-जॅकेटं चढवली, गूळ-शेंगदाणे खाल्ले. कोरडं कापड पाठीला लागलं तेव्हा जे सुख झालं ते सांगता येणार नाही. भाचीने बजावलं होतं म्हणून तो सॅकमध्ये सगळ्यात वरच होता. तेवढ्यात आग्नेयेला धारेवरून बारीक चंद्रकोर वर आली, तांबूस, आडवी. कुणी फोटोसाठी उठलंसुद्धा नाही.

रविवार, सकाळ

साडेसहाला शेवटची शिडी. वर एक छोटं देऊळ, त्यात देवी, बाहेर घंटा. माथा इतका लहान की चौदा माणसं उभी राहिली की भरल्यासारखा वाटतो. मी देवीपुढे हात जोडले आणि आदल्या रात्रीची गोष्ट आठवली. कुणाच्या घरात राहायचं नाही असं ठरवलेल्या मुलीने ही जागा निवडली होती.

सूर्य आला तेव्हा सगळे पूर्वेकडे बघत होते. दादांनी माझ्या खांद्याला हात लावून मला पश्चिमेकडे वळवलं. "हिकडं बघा." खालच्या धुरकट हवेत एक निळसर काळा त्रिकोण पसरला होता, टोक क्षितिजाला टेकलेलं. कळसूबाईची सावली. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले डावीकडे उन्हात यायला लागले होते आणि त्यांच्या उजव्या अंगाने ती सावली इगतपुरीच्या बाजूला लांबलेली. दहा-पंधरा मिनिटांत ती आखडली, फिकट झाली. कळसूबाईला सूर्योदयासाठी जाल तर एकदा पाठ फिरवा.

मग एकेक नाव कळत गेलं. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यापलीकडे रतनगड, शेजारी त्याचा खुटा नावाचा सुळका. त्याच बाजूला आणखी दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेकडे बितनगड, पट्टा, औंढा. भंडारदऱ्याचं पाणी अडवणारं विल्सन धरण प्रवरेवर 1926 साली पूर्ण झालं. लहानपणी सहलीला जाऊन आम्ही त्याच्या भिंतीकडे खालून मान वर करून पाहिलं होतं. आता ते हातरुमालाएवढं दिसत होतं.

माथ्यावर एका आजींच्या छपरात चहा मिळाला. दूध, साखर, सरपण, पाणी सगळं पाठीवर आणलेलं. आमच्यातल्या दोघांनी कागदी कप कड्याच्या कडेला ठेवले तर दादांनी काही न बोलता उचलून आपल्या खिशात घातले. मग पिशवी उघडून मी आजूबाजूचे इतरांचेही कप गोळा केले.

उतार

इथे माझी तयारी अपुरी पडली. सहा आठवडे मी चढ मोजला, उतार मोजलाच नाही. जिना उतरताना कठडा धरून भरभर यायचे, तो श्वास घ्यायचा वेळ समजायचे. डोंगर उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन एका गुडघ्यावर झेलावं लागतं, आणि तेही हळू. शिडीवर सोपं होतं. खालच्या घसाऱ्यावर, जिथे सुट्या मातीवर बारीक खडे असतात, तिथे मांड्या थरथरायला लागल्या. दादांनी कारवीची एक वाळकी काठी शोधून दिली. "पाय आडवा टाका. टाच नाही, अख्खा पाय टेकवा. गुडघा जरा वाकलेला ठेवा." उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळून घ्या, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. आणि सरावात जिना उतरताना प्रत्येक पायरीवर मनात एक-दोन म्हणून मग पुढचा पाय टाका. मला हे आधी कळलं असतं तर तो शेवटचा तास इतका लांबला नसता.

बाकीचे साडेदहाला गावात होते, आम्ही दोघं सव्वाअकराला. त्या पाऊण तासात दादा एकदाही माझ्या पुढे गेले नाहीत. मी दोनदा म्हटलं, तुम्ही जा, वाट दिसतेय. ते नुसते हसले.

दुपारी वहिनींनी सांगितल्याप्रमाणे पोटभर वाढलं. दोन भाकऱ्या झाल्या, भात झाला. सवयीने ताट घेऊन मागच्या अंगणात गेले, तर वहिनींनी ते हातातून काढून घेतलं. "कळसूबाईला जाऊन आलात ना? आज भांडी नाही घासायची."

सोमवार, मंगळवार

सोमवारी शाळेत गेले, बरी होते. मंगळवारी मांड्या इतक्या धरल्या की जिना उलटा, पाठमोरा उतरावा लागला. उताराचं दुखणं दोन दिवसांनी जास्त असतं, तेव्हा सुट्टी घ्यायची असेल तर ती मंगळवारची घ्या. गरम पाण्याने शेकलं, थोडं थोडं चालत राहिले, गुरुवारपर्यंत मोकळं झालं. भाचीने फेब्रुवारीसाठी रतनगड सुचवलाय.

बूट धुऊन, कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवले. माळ्यावर टाकले नाहीत, दाराजवळच ठेवलेत. रोज सकाळी घालते.